मापात पाप कुठे शिरतं?

प्रश्न : माझी भाची मुंबईत एमबीबीएस होऊन ब्रिटनला गेली. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टर आहे. दिवाळीत आली तेव्हा म्हणाली, "मामा, मला तिथे कुणी वावगा शब्द बोललेलं नाही. पण गोऱ्या सहकाऱ्याचे कागद उशिरा गेले की 'आज वॉर्डात फार गर्दी होती', आणि माझे गेले की 'हिला वेळेचं नियोजन जमत नाही'." मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. उत्तर बरोबर की चूक हे वहीवरून कळतं, मुलाच्या नावावरून नव्हे. नोकरीतल्या कामाचंही तसंच असायला हवं ना? मग प्रामाणिक माणसाच्या मूल्यमापनातही समोरच्याचा वर्ण कसा शिरतो? की आमची भाचीच जरा हळवी झाली आहे?
(एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : सर, तुमची भाची हळवी झालेली नाही. ती जे सांगते आहे ते ब्रिटनमध्येच, डॉक्टरांच्याच बाबतीत, वेगवेगळ्या मार्गांनी तपासून झालं आहे. त्याकडे येतोच, पण आधी तुमची गणिताची वही.

शेवटचं उत्तर तपासायला नाव लागत नाही, हे कबूल. पण रीतीचे गुण देताना? पायऱ्या सगळ्या बरोबर आहेत आणि मधेच हातचा एक राहून गेला आहे. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीची वही असेल तर 'घाईत राहिलं असेल' असं मनात येतं आणि अर्धाच गुण जातो. मागच्या बाकावरच्या मुलाची असेल तर 'याची बेरीजच कच्ची आहे'. नोकरीतलं बहुतेक काम या रीतीच्या गुणांसारखं असतं. रुग्णाच्या नातेवाइकांशी कशी बोलली, अवघड वेळी काय ठरवलं, सहकाऱ्यांना सांभाळून घेतलं का, पुढची जबाबदारी पेलेल का? याला एकच बरोबर उत्तर नसतं. वरिष्ठाला अंदाज बांधावाच लागतो, आणि अंदाज बांधताना माणूस मनात आधीपासून असलेल्या चित्राला धरून चालतो.

अमेरिकेतला एक प्रयोग हे फार स्पष्ट दाखवतो. नेक्स्टियन्स या सल्लागार संस्थेने तो 2014 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी एक कायदेविषयक टिपण तयार केलं आणि त्यात मुद्दाम 22 चुका पेरल्या. त्यांपैकी सात चुका शुद्धलेखनाच्या आणि व्याकरणाच्या होत्या. बाकीच्या मांडणीच्या, तपशिलाच्या आणि विश्लेषणाच्या. टिपण लिहिणारा म्हणून थॉमस मेयर या तरुण वकिलाचं काल्पनिक नाव दिलं. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकलेला, वकिलीत तिसरं वर्ष चालू असलेला. हे टिपण निरनिराळ्या वकिली फर्मच्या भागीदारांकडे तपासायला गेलं. निम्म्यांना कळवलं होतं की मेयर गोरा आहे, निम्म्यांना कळवलं होतं की तो कृष्णवर्णीय आहे. बाकी अक्षर न अक्षर तेच. 53 जणांनी टिपण तपासून परत पाठवलं. गोऱ्या मेयरला 5 पैकी सरासरी 4.1 गुण मिळाले, कृष्णवर्णीय मेयरला 3.2.

मला गुणांपेक्षा त्याच्या पुढचा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या सात बारीक चुकांपैकी गोऱ्या मेयरच्या टिपणात सरासरी 2.9 चुका सापडल्या आणि कृष्णवर्णीय मेयरच्या टिपणात 5.8. कुणीही खोटी चूक लिहिली नाही. प्रत्येक तपासनीस पानावर बोट ठेवून सांगू शकला असता, ही बघा, इथे चुकलं आहे, आणि ते खरंच असतं. फरक पडला तो किती बारकाईने पाहायचं आणि कुठे डोळेझाक करायची यात. प्रयोग लहान आहे, त्यावर सगळी इमारत उभी करू नये. पण तुमच्या प्रश्नातला 'प्रामाणिक माणूस' नेमका कुठे घसरतो हे त्यातून दिसतं. तो खोटं बोलत नाही. एकाच्या कामात तो चुका शोधतो आणि दुसऱ्याच्या कामात गुण शोधतो, आणि दोन्ही वेळा जे शोधतो ते त्याला सापडतं.

आता ब्रिटनकडे येऊ. लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयात 1970 च्या दशकात दर वर्षी सुमारे अडीच हजार अर्ज येत. मुलाखतीआधी नुसते अर्ज वाचूनच त्यांतले तीन चतुर्थांश बाद होत. प्रवेशाचं काम पाहणारे डॉ. जेफ्री फ्रँग्लन यांना वाटलं की अर्ज वाचणारी माणसं बदलली की निकाल बदलतो, हे बरं नाही. सगळ्यांना एकच नियम लागला पाहिजे. हेतूत काहीच वाईट नव्हतं. त्यांनी आधीच्या निवडींचा अभ्यास केला आणि माणसं ज्या रीतीने निवड करत होती त्याच रीतीने निवडणारा संगणक प्रोग्रॅम लिहिला. 1979 मध्ये तो पुरा झाला. तो आणि माणसं यांचे निर्णय 90 ते 95 टक्के जुळत होते. ही त्याच्या अचूकतेची खूण समजली गेली आणि 1982 पासून पहिली चाळणी सर्वस्वी त्याच्याकडे गेली.

महाविद्यालयातल्याच दोन ज्येष्ठ डॉक्टरांना यात काहीतरी खटकलं. एक जमैकात जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ ॲग्री बर्क, दुसरे औषधशास्त्राचे जो कॉलियर. 1986 मध्ये त्यांनी प्रकरण तिथल्या वंशसमता आयोगाकडे नेलं आणि 1988 मध्ये आयोगाचा अहवाल आला. अर्जात वंशाचा रकानाच नव्हता. प्रोग्रॅम नाव आणि जन्मस्थळ पाहून अर्जदार युरोपीय वंशाचा आहे की नाही हे ठरवत होता, आणि नसेल तर त्याचे गुण कापत होता. मुलगी असेल तरी थोडे कापत होता. यामुळे वर्षाला 60 पर्यंत उमेदवारांची मुलाखत हुकली असावी, असा अंदाज निघाला.

या प्रकरणातल्या दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. पहिली ही, की सेंट जॉर्जेसमध्ये लंडनच्या इतर कित्येक महाविद्यालयांपेक्षा बिगरगोरे विद्यार्थी जास्त होते. तरीही पकडलं गेलं ते हेच, कारण इथे कापलेले गुण प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलेले होते. इतर ठिकाणी ते परीक्षकाच्या मनात कापले जात होते आणि मनातल्या वजाबाकीची नोंद कुठेच राहत नाही. दुसरी गोष्ट आजची आहे. हल्ली मोठ्या कंपन्या अर्जांची पहिली चाळणी कृत्रिम बुद्धिमत्तेकडे देतात आणि 'यंत्राला जात नाही, वर्ण नाही' असं सांगतात. यंत्राला नसेलही. पण ते ज्यांच्या जुन्या निर्णयांवरून शिकलं त्यांना होता.

नोकरीच्या दारात काय होतं, हे पुढे अनीझ इस्माइल आणि सॅम एव्हरिंग्टन या दोन डॉक्टरांनी तपासलं. त्यांनी तोलामोलाचे अर्ज तयार केले, सगळे उमेदवार ब्रिटनमध्येच शिकलेले दाखवले, म्हणजे 'परदेशी पदवीचा भरवसा नाही' ही सबब उरू नये. काही अर्जांवर इंग्रजी नावं घातली, काहींवर आशियाई. ज्युनियर डॉक्टरांच्या जागांसाठी ते खऱ्या रुग्णालयांकडे पाठवले. इंग्रजी नावांना मुलाखतीचं बोलावणं येण्याचं प्रमाण आशियाई नावांच्या दुप्पट निघालं. निष्कर्ष 1993 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापले. दरम्यान खोटे अर्ज केले म्हणून पोलिसांनी या दोघांना अटकही केली होती. खटला मात्र उभा राहिला नाही.

तेव्हापासून ब्रिटनमध्ये बरंच बदललं आहे, हे सांगायलाच हवं. 2015 पासून तिथली आरोग्यसेवा दर वर्षी स्वतःचे वंशनिहाय आकडे जाहीर करते. आपल्या घरातली अडचण अशी वर्षानुवर्षं छापून सांगणारी संस्था मला आदरणीय वाटते. पण त्या आकड्यांत एक गोष्ट चिवटपणे टिकून आहे. शॉर्टलिस्टपर्यंत पोचलेल्या उमेदवारांपैकी गोऱ्यांची नेमणूक होण्याची शक्यता इतरांच्या दीडपटीच्या आसपास राहते. म्हणजे बोलावणं येतं, मुलाखत चांगली होते, सगळे हसून निरोप देतात आणि जागा दुसऱ्याला मिळते.

असं का होत असावं, याचं एक उत्तर मोनिका बियरनॅट आणि डायेन कोब्रिनोविच या मानसशास्त्रज्ञांच्या 1997 च्या अभ्यासात सापडतं. त्यांनी लोकांना दोन वेगळे प्रश्न विचारले. हा उमेदवार किमान लायक आहे असं वाटायला तुम्हाला किती पुरावा लागेल? आणि याच्यात खरोखर कर्तृत्व आहे अशी खात्री पटायला किती लागेल? कृष्णवर्णीय उमेदवारांना आणि स्त्रियांना पहिल्या प्रश्नाला कमी पुरावा पुरला आणि दुसऱ्याला जास्त लागला. अपेक्षाच कमी असते, म्हणून सुरुवातीला थोडक्यात कौतुक होतं. "इंग्रजी किती छान बोलता तुम्ही" हे वाक्य परदेशातल्या प्रत्येक मराठी माणसाने ऐकलेलं असतं. त्या कौतुकात आश्चर्य मिसळलेलं असतं. आणि खरी जबाबदारी द्यायची वेळ आली की तोच माणूस म्हणतो, "चांगली आहे, पण अजून तयार वाटत नाही." भाचीला विचारून पाहा. 'अजून तयार नाही', 'आत्मविश्वास कमी पडतो', 'टीममध्ये नीट बसत नाही' हे तीन शेरे तिच्या ओळखीच्या किती जणांना मिळाले आहेत ते ती सांगेल.

आता तिने सांगितलेल्या उशिरा गेलेल्या कागदांबद्दल. ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी आणि शिस्त जनरल मेडिकल कौन्सिल पाहते. डॉक्टर काम करायला योग्य आहे का, अशी शंका असेल तर रुग्णालय त्याची तक्रार कौन्सिलकडे पाठवतं. या तक्रारींत वांशिक अल्पसंख्य डॉक्टरांचं प्रमाण गोऱ्या डॉक्टरांच्या दुपटीहून अधिक होतं. त्याची कारणं शोधायला कौन्सिलने दोन संशोधकांना नेमलं आणि 2019 मध्ये अहवाल छापला. त्यातलं एक निरीक्षण मला फार खरं वाटलं. गोऱ्या डॉक्टरचं काही चुकलं की वरिष्ठ त्याला चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगतो, "अरे, हे असं करू नकोस." दुसऱ्या वंशाच्या डॉक्टरला मात्र असं सांगायला तो कचरतो. गैरसमज होईल, आपल्यावर वर्णद्वेषाचा आरोप येईल, त्यापेक्षा नको. ती गोष्ट न बोलता राहते, तीच पुन्हा घडते, मनात साठते आणि एक दिवस एकदम लेखी तक्रार होते. परदेशातून आलेल्या डॉक्टरला तर रुग्णालयातल्या अलिखित चालीरीती सांगणारं कुणीच नसतं, आणि पुष्कळदा त्याची नेमणूक आधीच माणसं कमी असलेल्या, एकाकी जागी होते.

विचार करा, यात वाईट माणूस कोण आहे? तो कचरणारा वरिष्ठ कदाचित फार सभ्य गृहस्थ असेल. त्याच्या सभ्यपणाची किंमत मात्र तुमच्या भाचीने मोजली.

सगळा फरक परीक्षकाच्या नजरेचाच आहे असं म्हणणं मात्र चूक ठरेल. कॅथरीन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये ब्रिटनमध्येच शिकलेल्या डॉक्टरांच्या आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या निकालांवरचे अनेक अभ्यास एकत्र केले. यंत्राने तपासलेल्या पेपरांतही बिगरगोऱ्यांचे गुण सरासरीने कमी होते. तिथे पक्षपाती नजर कुठून येणार? तो फरक त्याआधीच तयार झालेला असतो. कुणाला ऑपरेशन थिएटरात पुढे बोलावलं, कुणाच्या चुका वेळेवर दाखवल्या, अभ्यासाच्या गटात कुणाला घेतलं, कुणाला बाहेर ठेवलं. भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या 'बापिओ' या संघटनेने जनरल प्रॅक्टिसच्या प्रात्यक्षिक परीक्षेविरुद्ध 2014 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा न्यायालयाने परीक्षा बेकायदा ठरवली नाही. मात्र निकालांतल्या या तफावतीबाबत आता काही करण्याची वेळ आली आहे, असं न्यायाधीशांनी बजावलं. मला ते योग्य वाटतं. दोष एका परीक्षकाच्या माथी मारला की बाकीच्या सगळ्यांची सुटका होते.

उपाय? एक साधा आहे आणि तपासलेलाही आहे. एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन यांचा 2005 चा प्रयोग वर्णाचा नव्हता, स्त्री-पुरुषांचा होता, पण सूत्र तेच. पोलीस प्रमुखाची जागा, दोन उमेदवार. एक भरपूर शिकलेला, दुसरा रस्त्यावरच्या कामाचा अनुभव असलेला. पुरुष शिकलेला असला की लोक म्हणत, या कामाला शिक्षणच महत्त्वाचं. आणि स्त्री शिकलेली असली की शिक्षणाचं महत्त्व कमी होई. उमेदवार पाहून कसोटी बदलत होती. मात्र उमेदवार पाहण्याआधीच कशाला किती महत्त्व द्यायचं हे ठरवून घेतलं, तेव्हा हा फरक उरला नाही. तुमच्या शाळेतली आदर्श उत्तरपत्रिका हेच काम करते. पायरीनिहाय गुण आधी लिहिलेले असले की पेन्सिलीला फारशी मोकळीक उरत नाही.

भाचीसाठी एवढंच सुचवेन, की 'वेळेचं नियोजन जमत नाही' असं कुणी म्हटलं तर शांतपणे विचारायचं : कुठल्या दिवशी, कुठल्या रुग्णाचे कागद, त्या दिवशी वॉर्डात किती जण होते? उत्तर लिहून ठेवायचं. आणि वरिष्ठाला आपणहून सांगायचं, "माझं काही चुकलं तर त्याच आठवड्यात सांगा, मला वाईट वाटणार नाही." हे सांगताना मला बरं वाटत नाही, कारण ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच वर आणखी काम दिल्यासारखं आहे ते. पण तिथल्या नियमांत लेखी नोंदीला मोल आहे, आणि ती नोंद तिच्याकडे असायला हवी.

प्रश्न : मुलाखती, शेरे, अप्रेझल हे सगळं माणसाच्या मर्जीवर चालतं, म्हणून पक्षपात होतो. त्यापेक्षा सरळ लेखी परीक्षा घ्यावी. सगळ्यांना एकच पेपर. मग वर्ण काय, जात काय, प्रश्नच येणार नाही. बरोबर ना?
(एक अभियंता, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : तुम्हाला उत्तर देण्याआधी एका वीजकेंद्रात नेतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक पॉवर कंपनीचं डॅन रिव्हर केंद्र होतं. तिथे 95 कर्मचारी, त्यांतले 14 कृष्णवर्णीय. पाच विभाग होते आणि कृष्णवर्णीयांना त्यांपैकी फक्त मजूर विभागात काम मिळे. या विभागातला सर्वांत जास्त पगारही इतर चार विभागांतल्या सर्वांत कमी पगाराहून कमी होता. नोकरीतला वंशभेद बेकायदा ठरवणारा कायदा 2 जुलै 1965 रोजी अमलात आला. नेमक्या त्याच दिवशी कंपनीने नवा नियम आणला. मजूर विभाग सोडून दुसरीकडे नव्याने नेमणूक हवी असेल तर हायस्कूलचं प्रमाणपत्र तर हवंच, शिवाय दोन लेखी चाचण्या पास व्हायच्या. एक सर्वसाधारण बुद्धिमत्तेची, दुसरी यंत्रविषयक समजेची. सगळ्यांना तोच पेपर, तोच वेळ.

गोम अशी, की या चाचण्यांचा तिथल्या कुठल्याही विशिष्ट कामाशी संबंध तपासलेला नव्हता. हायस्कूलची अट येण्याआधी लागलेले गोरे कामगार प्रमाणपत्राशिवाय तीच कामं व्यवस्थित करत होते, त्यांना बढत्याही मिळत होत्या. आणि 1960 च्या जनगणनेनुसार त्या राज्यात 34 टक्के गोऱ्या पुरुषांनी हायस्कूल पुरं केलं होतं, कृष्णवर्णीय पुरुषांपैकी 12 टक्क्यांनी. ज्यांना वेगळ्या आणि निकृष्ट शाळांत बसवलं होतं त्यांच्यासमोर आता शाळेचीच अट ठेवली होती. विली ग्रिग्ज आणि त्यांचे सहकारी, एकूण 13 कामगार, कोर्टात गेले. 8 मार्च 1971 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. चाचणी त्या कामाची पात्रता मोजणारी असली पाहिजे. तशी नसेल आणि तिच्यामुळे एका समाजाला दार बंद होत असेल, तर हेतू काही का असेना, ती चालणार नाही.

आपल्या इतिहासातही हे आहे. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा लंडनला होई, पेपर सगळ्यांना एकच. 1869 मध्ये चार हिंदी तरुण ती पास झाले. त्यांत मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर होते आणि बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी. पास झाल्यावर वयाच्या नोंदीवरून या दोघांची नावं वगळली गेली. आपल्याकडे वय चालू वर्षाने सांगत, 'सोळावं लागलं' की सोळा. त्या हिशेबाने ते वयाची मर्यादा ओलांडलेले ठरले. सुरेंद्रनाथांना इंग्लंडच्या न्यायालयात दाद मागून आपली जागा परत मिळवावी लागली. पुढे काही वर्षांनी वयाची मर्यादाच 21 वरून 19 वर आणली गेली. इंग्लंडमधल्या मुलाला ते जमण्यासारखं होतं. हिंदुस्थानातून बोटीने जाऊन, परक्या भाषेत तयारी करून 19 व्या वर्षाआत परीक्षेला बसणं किती जणांना जमणार होतं?

लेखी परीक्षेच्या मी विरुद्ध नाही. तुम्ही अभियंते आहात, तर वेल्डरची नेमणूक करताना त्याच्याकडून वेल्डिंग करून घ्या, डिझाइनच्या माणसाला एक खराखुरा नकाशा देऊन त्यातली अडचण शोधायला सांगा, आणि शक्य असेल तिथे तपासणाऱ्यापासून नाव लपवा. अशा परीक्षेची मी बाजू घेईन. पेपर सगळ्यांना सारखा आहे, एवढ्यावर मात्र समाधान मानणार नाही.

प्रश्न : हे सगळं गोऱ्या-काळ्यांचं झालं. आपल्याकडे खासगी कंपन्या 'आम्ही फक्त मेरिट पाहतो' म्हणतात. आपल्याकडे कुणी असं मोजून पाहिलं आहे का?
(एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : हो, आणि मोजणाऱ्यांपैकी एक तुमच्याच शहरातल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले आहेत. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात. वंश आणि जात या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचा इतिहास वेगळा आहे. पण नाव वाचून लायकी ठरवण्याची क्रिया दोन्हीकडे सारखीच चालते, म्हणून मोजायची पद्धतही सारखी वापरता आली.

पद्धत आधी अमेरिकेत गाजली होती. मारियान बर्ट्रंड आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी बोस्टन आणि शिकागोमधल्या जाहिरातींना सुमारे 5000 अर्ज पाठवले. एमिली, ग्रेग अशी गोऱ्या वळणाची नावं असलेल्या अर्जांना साधारण दहामागे एक फोन आला. लकीशा, जमाल अशी नावं असली तर तेवढ्यासाठी पंधरा अर्ज लागले. 2004 च्या त्या लेखातला मला सर्वांत जास्त लागलेला भाग निराळा आहे. अर्ज जास्त भारदस्त केला, अनुभव आणि कौशल्यं वाढवली, की गोऱ्या नावांना येणारे फोन चांगले वाढले. कृष्णवर्णीय नावांना मात्र त्याचा फायदा फारच थोडा झाला. "अजून मेहनत कर, अजून शिक, मग कुणी अडवणार नाही" हा सल्ला आपण किती सहज देतो!

थोरात आणि पॉल अटवेल यांनी भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या 548 जाहिराती निवडल्या आणि 66 आठवड्यांत 4808 अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव सारखे. आडनावं कधी उच्चवर्णीय, कधी दलित, कधी मुस्लिम. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याची संधी दलित नावांना उच्चवर्णीय नावांच्या साधारण दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावांना एक तृतीयांश. हा लेख 2007 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला.

त्याच वर्षी, त्याच साप्ताहिकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या 25 कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी झालेल्या बोलण्यावर लिहिलं. जातीवर आम्ही जात नाही, असं अधिकारी सांगत. त्याच दमात उमेदवाराची 'फॅमिली बॅकग्राउंड' पाहणं कसं गरजेचं आहे हेही सांगत. वडील काय करतात, भावंडं किती, गाव कुठलं. चांगल्या घरातला माणूस चांगलं काम करतो, हा त्यामागचा हिशेब. अश्विनी देशपांडे आणि न्यूमन यांनी दिल्लीतल्या विद्यार्थ्यांशी बोलून दुसरी बाजू नोंदवली : हा प्रश्न उच्चवर्णीय मुलांना सहज गप्पांसारखा वाटे, आणि दलित मुलं त्या प्रश्नापाशी अडखळत, खरं सांगावं की नको या पेचात पडत. वडील शेतमजूर आहेत हे सांगितल्यावर समोरच्याच्या कागदावर काय लिहिलं गेलं असेल, हे मुलीला कधी कळत नाही. नेमणूक झाली नाही तर कारण 'कम्युनिकेशन' असं येतं.

तुम्ही अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र शिकत असाल तर एक सुचवतो. थोरात-अटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रं घेतली होती. मराठी वर्तमानपत्रांतल्या आणि मोबाइलवरच्या जाहिरातींसाठी, मराठवाड्यातल्या कारखान्यांसाठी आणि दुकानांसाठी असा अभ्यास विद्यापीठातल्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करता येण्यासारखा आहे. खर्च फारसा नाही; चिकाटी आणि जपून केलेली नोंद लागेल. बोलावणं आलं की लगेच नम्रपणे नकार कळवायचा, म्हणजे कुणाचा वेळ जात नाही. हाती घेतलात तर कळवा, निकाल याच सदरात छापू.